गप्प देशाला साक्षीला बोलावणारा वकील

१९५७ साली अर्जेंटिनातून निघालेले एक पत्र जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात येऊन पोहोचले. पत्र पाठवणारा गृहस्थ डाखाऊच्या छळछावणीतून सुटून परागंदा झालेला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आपल्या मुलीची एका जर्मन तरुणाशी ओळख झाली असून त्याचे आडनाव आइकमन आहे, एवढीच त्याची माहिती होती. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे घेऊन जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचे नियोजन करणारा अॅडॉल्फ आइकमन महायुद्ध संपल्यापासून बेपत्ता होता. तरुण त्याचाच मुलगा असावा, हा त्या जवळजवळ अंध गृहस्थाचा तर्क बिनचूक निघाला.

पत्र ज्यांच्या हाती पडले ते फ्रिट्झ बाउर हे हेसेन राज्याचे मुख्य सरकारी वकील होते. नियमाप्रमाणे त्यांनी हे प्रकरण पोलीस आणि परराष्ट्र खात्याकडे सोपवायला हवे होते. तसे त्यांनी केले नाही. आपल्याच देशाच्या पोलीस दलात आणि वकिलातींत जुने नाझी बसलेले आहेत, कागद पुढे सरकताच आइकमनला इशारा मिळेल, याविषयी त्यांना शंका नव्हती. राज्याचे मुख्यमंत्री आणि जवळचे सहकारी गेऑर्ग आउगुस्ट त्सिन यांना विश्वासात घेऊन त्यांनी ही माहिती गुपचूप इस्रायलच्या प्रतिनिधीला दिली. मोसादच्या हेराने ब्युनोस आयर्समधील घर पाहिले. पण एवढा मोठा नाझी अधिकारी इतक्या दरिद्री घरात राहील कसा, असे वाटून तपास थंडावला. बाउर मात्र थंड झाले नाहीत. डिसेंबर १९५९ मध्ये ते स्वतः इस्रायलला गेले, आइकमन कोणत्या खोट्या नावाने वावरतो हेही त्यांनी सांगितले आणि झालेल्या दिरंगाईबद्दल संताप व्यक्त केला. ११ मे १९६० रोजी आइकमन पकडला गेला. जेरुसलेममधील खटल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. त्यात बाउर यांचे नाव कुठेही नव्हते आणि त्यांच्या हयातीत ते आलेही नाही.

नाझी राजवटीचा इतिहास आपल्याकडे मोठ्या आवडीने वाचला जातो. हिटलरचे आत्मचरित्र तर पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते. त्या मानाने १९४५ नंतर त्या राजवटीतील माणसांचे काय झाले, याची चर्चा फार थोडी होते. हिटलर मेला, न्यूरेंबर्ग येथे काही जणांना फाशी झाली आणि जर्मनीने नवे पान उलटले, अशी आपली साधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे बाउर यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे कळते.

त्यांचा जन्म १६ जुलै १९०३ रोजी स्टुटगार्ट येथे एका कापड व्यापाऱ्याच्या ज्यू कुटुंबात झाला. शहरातील ज्या नामांकित शाळेत ते शिकले, त्याच शाळेत त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेला क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्ग हा सरदार घराण्यातील मुलगाही शिकत होता. पुढे १९४४ मध्ये हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवणारा कर्नल तो हाच. बाउर यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, सोशल डेमोक्रॅटिक पक्षात प्रवेश केला आणि १९३० मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ते न्यायाधीश झाले. दिवसा न्यायदान आणि संध्याकाळी प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी भरवलेल्या सभांत भाषणे, असा त्यांचा क्रम होता. नाझींच्या नजरेत भरायला ज्यू असणे पुरेसे होते; येथे तर त्यात समाजवादी आणि वक्ता अशी दुहेरी भर पडली होती.

मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि हॉयबर्गच्या छळछावणीत टाकण्यात आले. पक्षाचे नेते कुर्ट शूमाखर हेही तेथेच होते. बाउर यांना काही महिन्यांनी सोडण्यात आले. या सुटकेला एक बोचरी बाजू आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका स्थानिक वृत्तपत्रात काही समाजवादी कैद्यांचे नव्या राजवटीशी निष्ठा व्यक्त करणारे निवेदन प्रसिद्ध झाले. त्याखालील एक नाव, आडनावातील एक अक्षर चुकलेले, बाउर यांचेच असल्याचे अनेक संशोधक मानतात, तर काहींना ते मान्य नाही. शूमाखर यांनी असे काही लिहून दिले नाही आणि त्यांनी जवळजवळ दहा वर्षे छावण्यांत काढली. बाउर पुढे शूमाखर यांच्याविषयी नेहमी अतीव आदराने बोलत. स्वतःच्या छावणीतील दिवसांविषयी मात्र ते फारसे बोलल्याचे आढळत नाही. छळछावणीच्या तारांआड घेतलेल्या सहीचा हिशेब बाहेर बसून मांडू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पण ज्याने पुढे साऱ्या देशाकडे सत्याची मागणी केली, त्याच्या चरित्रातून हा प्रसंग वगळणेही बरे नव्हे.

१९३६ मध्ये ते डेन्मार्कला गेले. १९४० मध्ये जर्मन सैन्य तेथेही पोहोचले. १९४३ च्या जून महिन्यात एका डॅनिश शिक्षिकेशी त्यांनी विवाह केला. त्यामागे संरक्षणाचा हेतू मुख्य होता. ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधील ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा इतर हजारो जणांप्रमाणे त्यांनीही समुद्रमार्गे स्वीडन गाठले. तेथे विली ब्रांट या तरुण जर्मन निर्वासितासमवेत त्यांनी एक नियतकालिक चालवले. ब्रांट पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. युद्ध अजून संपलेले नव्हते, तोच बाउर यांनी युद्धगुन्हेगारांवर खटले कसे चालवावेत यावर एक पुस्तक लिहिले होते.

१९४९ मध्ये ते मायदेशी परतले. ज्या देशाने हाकलून दिले तेथे परत जाऊन सरकारी नोकरी करणारे ज्यू विरळाच होते. ब्राउनश्वाइग येथे ते आधी न्यायाधीश आणि १९५० मध्ये मुख्य सरकारी वकील झाले. त्यांना जे दिसले ते असे: हिटलरच्या काळातील न्यायाधीश पुन्हा न्यायासनावर बसले होते. १९५१ च्या एका कायद्याने जुन्या नोकरशहांचा सेवेत परतण्याचा मार्ग प्रशस्त केला. ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणारे हान्स ग्लोबके हे काही वर्षांतच चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या कार्यालयाचे प्रमुख सचिव झाले. कारखाने पुन्हा उभे राहत होते, हाती पैसा खेळू लागला होता आणि घरोघरी, शाळांत, कचेऱ्यांत मागच्या बारा वर्षांविषयी कोणी काही विचारू नये, असा जणू अलिखित करार झाला होता.

या शांततेत जुना अतिरेक पुन्हा डोके वर काढू लागला होता. सोशलिस्ट राइश पार्टी या उघडपणे नाझी वळणाच्या पक्षाला मे १९५१ मध्ये लोअर सॅक्सनी राज्याच्या निवडणुकीत ११ टक्के मते आणि १६ जागा मिळाल्या. पक्षाचा मुख्य वक्ता होता ओटो एर्न्स्ट रेमर. २० जुलै १९४४ रोजी, म्हणजे श्टाउफेनबेर्गचा बॉम्ब फुटला त्या दिवशी, बर्लिनमधील पहारा तुकडीचा प्रमुख हाच रेमर होता. गोबेल्सला अटक करण्यासाठी तो गेला, तेथे त्याला टेलिफोनवर प्रत्यक्ष हिटलरचा आवाज ऐकवण्यात आला आणि त्याने आपल्या सैनिकांची दिशा बदलून कटच मोडून काढला. सात वर्षांनंतर तो सभा गाजवत होता आणि कट करणारे देशद्रोही होते, परदेशाकडून पैसे घेणारे होते, असे सांगत होता. श्रोते टाळ्या वाजवत.

रेमरवर बदनामीचा खटला भरला गेला तो मार्च १९५२ मध्ये, आणि तो बाउर यांनी स्वतः लढवला. वरकरणी हा किरकोळ गुन्हा होता. बाउर यांनी त्यातून मोठा प्रश्न उभा केला: हिटलरविरुद्ध उठलेला माणूस देशद्रोही ठरतो का? त्यांनी इतिहासकार आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक साक्षीला आणले. जे राज्य रोज आपल्याच कायद्याचा खून पाडते, त्याच्याशी द्रोह करता येत नाही. अशा राज्याविरुद्ध प्रत्येकाला प्रतिकाराचा हक्क आहे, अशी त्यांची मांडणी होती. न्यायालयाने ती बव्हंशी स्वीकारली. रेमरला तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगण्याऐवजी तो इजिप्तला पळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने त्याच्या पक्षावर बंदी घातली. पश्चिम जर्मनीतील ही पहिलीच पक्षबंदी. मात्र रेमरला किती महिने झाले याच्याशी बाउर यांना फारसे कर्तव्य नव्हते. आदल्या दिवसापर्यंत ज्यांना गद्दार म्हटले जात होते, त्यांच्या बाजूने एका जर्मन न्यायालयाने निकाल लिहिला, यात त्यांचे उद्दिष्ट साधले होते.

१९५६ मध्ये मुख्यमंत्री त्सिन यांनी त्यांना हेसेनमध्ये बोलावून घेतले. फ्रँकफर्टच्या कार्यालयाच्या इमारतीवर बाउर यांनी राज्यघटनेचे पहिले कलम कोरून घेतले. मानवी प्रतिष्ठेला कोणी हात लावू शकत नाही, असे सांगणारे ते कलम होय. कैद्यांशी वागताना ते हे कलम शब्दशः घेत. तुरुंग सुधारणा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि शिक्षा म्हणजे सूड, या कल्पनेचा त्यांना तिटकारा होता. नाझी गुन्हेगारांचा पाठलाग करणारा हा माणूस फाशीच्या शिक्षेचा विरोधक होता, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांना कधी उमगली नाही.

जानेवारी १९५९ मध्ये थोमास ग्निएल्का या तरुण पत्रकाराने बाउर यांना काही अर्धवट जळालेले कागद पाठवले. युद्धाच्या अखेरीस ब्रेस्लाउ शहरातील एका जळत्या इमारतीपाशी ते कोणाला तरी सापडले होते आणि आठवण म्हणून वर्षानुवर्षे घरात पडून होते. ऑश्वित्झच्या छावणीत पळून जाण्याच्या प्रयत्नात गोळी घातलेले कैदी आणि गोळी घालणारे एसएसचे जवान यांची नावे त्यात होती. कोणत्याही वकिलाने त्या आठ-दहा नावांवर आठ-दहा खटले केले असते. बाउर यांनी ते कागद पुढे करून सर्वोच्च न्यायालयाकडून ऑश्वित्झमधील साऱ्या गुन्ह्यांचा तपास फ्रँकफर्टकडे मागून घेतला.

या कामासाठी त्यांनी तिशीतले सरकारी वकील निवडले. नाझी राजवट कोसळली तेव्हा ते शाळकरी वा जेमतेम विशीचे होते, त्यामुळे त्यांच्या अंगाला जुन्या न्यायखात्याचा डाग नव्हता. बाउर स्वतः मागे राहिले. ज्यू वकील सूड उगवतो आहे, असे म्हणण्याची संधी त्यांना कोणाला द्यायची नव्हती. तरीही ती घेतली गेलीच. शिवीगाळीची पत्रे आणि धमकीचे दूरध्वनी हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला. आपल्या कार्यालयाबाहेर पाऊल टाकले की आपण शत्रूच्या मुलुखात शिरतो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सहकाऱ्यांच्या स्मरणात राहिले. १९६३ मध्ये एका डॅनिश वृत्तपत्राच्या मुलाखतीत जर्मनांविषयी कटू मते व्यक्त केल्याबद्दल विरोधी पक्षाने त्यांना पदावरून दूर करण्याची मागणी केली; त्सिन सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणून ते टिकले.

२० डिसेंबर १९६३ रोजी फ्रँकफर्टच्या नगरभवनात खटला उभा राहिला. आरोपी होते २२. ते राक्षसासारखे दिसत नव्हते, आणि लोकांना खरा धक्का बसला तो यानेच. छावणीच्या कमांडंटचा सहायक रोबेर्ट मुल्का हा हॅम्बुर्गमधील व्यापारी होता. ओसवाल्ड काडुक पश्चिम बर्लिनच्या एका रुग्णालयात परिचारक होता आणि रुग्ण त्याला प्रेमाने बाबा म्हणत. व्हिक्टर कापेसियुस स्वतःचे औषधांचे दुकान चालवत होता. याच माणसाने रेल्वेच्या फलाटावर उभे राहून पूर्वीच्या ओळखीच्या माणसांनाही हाताच्या एका खुणेने मृत्यूच्या रांगेत पाठवले होते. सारे शेजारधर्म पाळणारे, कर भरणारे नागरिक. काही जण जामिनावर होते आणि संध्याकाळी इतरांसारखेच शहरात हिंडत. न्यायालयाच्या दारावरील काही पोलीस त्यांना सलाम ठोकत, असेही खटल्याला हजर असणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे.

खटला १८३ दिवस चालला. सुमारे ३६० साक्षीदार झाले, त्यांतील २११ ऑश्वित्झमधून वाचलेले होते. पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, इस्रायल, अमेरिका अशा ठिकाणांहून ते आले आणि ज्या भाषेत त्यांना एकेकाळी आज्ञा दिल्या जात, त्याच भाषेच्या न्यायालयात उभे राहून त्यांनी तारखा, चेहरे, नावे सांगितली. बचाव पक्षाचे वकील त्यांना विचारत, वेळ नक्की किती होती, अंतर किती मीटर होते? घड्याळ तर छावणीच्या दारातच काढून घेतलेले. डिसेंबर १९६४ मध्ये न्यायालयाचे एक पथक प्रत्यक्ष ऑश्वित्झला गेले. पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांच्यात त्या वेळी राजनैतिक संबंधही नव्हते. जवळजवळ २० हजार लोकांनी प्रेक्षक म्हणून खटल्याला हजेरी लावली, त्यांत शाळांचे वर्गच्या वर्ग होते. वृत्तपत्रांत दिवसेंदिवस रकाने भरून येत होते. मुलांनी वडिलांना विचारायला सुरुवात केली की, त्या वेळी आपण काय करत होता?

बाउर यांच्या मनातला युक्तिवाद मात्र न्यायालयाला पटला नाही. ऑश्वित्झ हा एकच संघटित गुन्हा आहे. तेथे काय चालते हे ठाऊक असून जो कोणी त्या यंत्रणेत काम करत राहिला, तो त्या खुनांना जबाबदार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती हान्स होफमायर यांनी जुना दंडविधान घेऊन प्रत्येक आरोपीने स्वतःच्या हाताने नेमके काय केले, याचाच हिशेब मांडला. ऑगस्ट १९६५ मध्ये निकाल लागला तेव्हा उरलेल्या २० आरोपींपैकी सहा जणांना जन्मठेप झाली, ११ जणांना मुदतीच्या शिक्षा झाल्या आणि तिघे सुटले. मुल्काला १४ वर्षे झाली. निकालाची कारणे सांगून संपताना होफमायर यांचाही कंठ दाटून आला होता. बाउर निराश होते. इतक्या महिन्यांत एकाही आरोपीने समोर उभ्या असलेल्या साक्षीदाराला माणुसकीचा एक शब्द ऐकवला नाही, याचे शल्य त्यांना शिक्षांच्या हलकेपणापेक्षा अधिक होते. काही मोजक्या क्रूरांना वेगळे काढले, की बाकीचा समाज आपोआप निर्दोष ठरतो, हा धोका त्यांनी ओळखला होता.

त्यांची पुढची फाइल अधिक अडचणीची होती. मनोरुग्ण आणि अपंग अशा ७० हजारांहून अधिक लोकांना नाझींनी १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत विषारी वायूने मारले. एप्रिल १९४१ मध्ये बर्लिन येथे देशातील सर्वोच्च न्यायाधीश आणि सरकारी वकिलांना एकत्र बसवून या हत्यांची माहिती देण्यात आली होती. कोणी विरोध केला नाही. १९६५ मध्ये बाउर यांनी त्या बैठकीला हजर असलेल्या आणि अजून हयात असलेल्या विधिज्ञांविरुद्ध चौकशीची मागणी केली. आता आरोपी फलाटावरचा शिपाई नव्हता, बाउर यांच्याच व्यवसायातील वरिष्ठ मंडळी होती.

दरम्यान देश बदलत होता, पण एका दिशेने नव्हे. नोव्हेंबर १९६६ मध्ये एनपीडी या नव्या अतिउजव्या पक्षाने हेसेनच्या विधानसभेत ८ जागा मिळवल्या. एप्रिल १९६८ मध्ये बाउर यांच्या जन्मगावाच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, त्याच पक्षाला ९.८ टक्के मते पडली. त्याच महिन्यात बर्लिनमध्ये विद्यार्थी नेता रूडी डुट्श्के याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आणि त्याच्या काही दिवस आधी, २ एप्रिलच्या रात्री, खुद्द फ्रँकफर्टमधील दोन मोठ्या दुकानांना आगी लावण्यात आल्या. लावणाऱ्यांत आंद्रेआस बाडर आणि गुडरुन एन्स्लिन होते. पुढच्या दशकात पश्चिम जर्मनीला हादरवणाऱ्या डाव्या दहशतवादी गटाची ही सुरुवात. वडिलांच्या पिढीला जाब विचारण्याचा हक्क बाउर यांनी तरुणांना न्यायालयातून मिळवून दिला होता. त्यातील मूठभरांनी जाबाऐवजी पेट्रोल हाती घेतले. याचा दोष बाउर यांच्याकडे जात नाही. ज्यांनी वीस वर्षे उत्तरे टाळली, त्यांना मात्र तो पूर्णपणे झटकता येणार नाही.

मे १९६८ मध्ये बॉनच्या संसदेने एक रटाळ नावाचा कायदा संमत केला. किरकोळ नियमभंगाच्या दंडाविषयीच्या कायद्याची ती पुरवणी होती. त्यातील एका वाक्याने खुनाला केवळ साह्य करणाऱ्याची कमाल शिक्षा कमी झाली, शिक्षा कमी झाली म्हणून खटल्याची मुदतही कमी झाली, आणि ती मुदत मागे मोजली असता १९६० मध्येच संपलेली निघाली. ज्यांच्या मनात स्वतःचा द्वेष सिद्ध करता येत नव्हता, असे टेबलाआडून खुनांना हातभार लावणारे अधिकारी एका फटक्यात कायद्याच्या पलीकडे गेले. कायदा खात्यात हे काम पाहणारे एडुआर्ड ड्रेहर हे नाझी काळात इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते. हा अपघात की डाव, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

कायदा ऑक्टोबरमध्ये अमलात आला. बाउर तोवर नव्हते. १ जुलै १९६८ रोजी फ्रँकफर्टमधील राहत्या घरी, न्हाणीघरात, ते मृतावस्थेत आढळले. पासष्टी दोन आठवड्यांवर आली होती. अखंड धूम्रपानाने छाती पोखरलेली होती, शरीरात झोपेच्या गोळ्या आणि मद्याचा अंश सापडला, घातपाताचा पुरावा मिळाला नाही. त्यांच्या अस्थी जर्मनीत ठेवल्या गेल्या नाहीत. स्वीडनमधील योटेबोरी शहरात, निर्वासित म्हणून तेथे गेलेल्या आई-वडिलांशेजारी त्यांचे दफन झाले. १९७० मध्ये विधिज्ञांविरुद्धची ती चौकशी गाजावाजा न होता बंद करण्यात आली.

त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे बाउर हे नाव जर्मनीतही फारसे कोणी घेत नव्हते. १९९५ मध्ये फ्रँकफर्ट येथे त्यांच्या नावाने संशोधन संस्था निघाली, २०१४ आणि २०१५ मध्ये त्यांच्यावर आणि ऑश्वित्झ खटल्यावर चित्रपट आले. त्याच २०१५ मध्ये ल्युनेबुर्ग येथील न्यायालयाने ऑस्कर ग्रोएनिंग या ९४ वर्षांच्या माजी एसएस जवानाला तीन लाख खुनांना साह्य केल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा दिली. त्याने कोणाला मारल्याचा आरोप नव्हता. ऑश्वित्झमध्ये आणलेल्यांच्या खिशातील पैसे मोजणे हे त्याचे काम. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही शिक्षा कायम केली. हा तोच युक्तिवाद होता, जो बाउर यांनी पन्नास वर्षांपूर्वी केला होता. शिक्षा भोगायला जाण्यापूर्वीच ग्रोएनिंग मरण पावला.

अतिरेकही संपलेला नाही. जून २०१९ मध्ये हेसेनमध्येच वाल्टर ल्युब्के या प्रशासकीय अधिकाऱ्याची, त्यांनी निर्वासितांची बाजू घेतली म्हणून, त्यांच्या घराच्या ओसरीवर गोळी घालून हत्या झाली. अतिउजव्या मारेकऱ्याला जन्मठेप झाली ती फ्रँकफर्टच्या उच्च न्यायालयात, जानेवारी २०२१ मध्ये.

फ्रँकफर्टच्या त्या मोठ्या खटल्यातील साक्षी न्यायाधीशांच्या स्मरणाला मदत म्हणून ध्वनिफितींवर घेतल्या गेल्या होत्या. काम झाल्यावर त्या पुसून टाकायच्या, असे ठरले होते. त्या वाचल्या. १०३ फिती, सुमारे ४३० तासांचे ध्वनिमुद्रण. २०१३ मध्ये बाउर यांच्या नावाच्या संस्थेने ते इंटरनेटवर खुले केले आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्यात साक्षीदार बोलता बोलता थांबतात, दुभाषी त्यांची वाट पाहत राहतो, आणि मग कोणीतरी पुढचे नाव सांगतो.